घास आधी, सुई मग

माझ्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ओरखडे आहेत. जुने पांढरे, मधले तपकिरी आणि कालचे लाल. उजव्या अंगठ्याचं नख मधोमध फाटलेलं आहे, ते आता तसंच उगवतं. तुम्हाला मांजरं फार आवडतात वाटतं, असं कोणी म्हटलं की मला हसू येतं. आवडण्याबिवडण्याचं केव्हाच संपलं हो. आमच्या घरात दोन आजारी मांजरं आहेत आणि त्यांना जिवंत ठेवायचं म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ मारामारी आहे.

बरकतपुऱ्यात तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. माणसं तीन: मी, नवरा आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. मांजरं दोन, एक बोका आणि एक मांजरी. आम्ही त्यांना थोरला आणि धाकटी म्हणतो, वेगळी नावं ठेवायचं कोणाला सुचलंच नाही. नवऱ्याने दोघांना स्कूटरच्या डिकीत घालून ऑफिसच्या शेडमधून आणलं होतं, तळहाताएवढी होती तेव्हा. आणली त्यांनी, निस्तरते मी.

धाकटीचं तोंड आतून सोललेलं आहे. दाढा काढून झाल्या, औषधं बदलून झाली, जखम काही भरत नाही. रोज अर्धी गोळी घशात गेली नाही तर ती तीन दिवस पाण्यालाही तोंड लावत नाही. म्हणून तिला टॉवेलात गुंडाळायचं, दोन गुडघ्यांत आवळायचं, मानेची कातडी मागून धरायची आणि त्या सुजलेल्या तोंडात बोट घालायचं. ती अशी किंचाळते की अंगावर काटा येतो. खालच्या मजल्यावरची तेलुगू बाई एकदा धावत वर आली. "एमयिंदी अम्मा? काय झालं? कोणाला मारताय?" दार उघडलं तर मी रक्ताळलेल्या हाताने उभी, मागे टॉवेल फेकून पळालेलं मांजर. ती बिचारी तशीच जिना उतरून गेली.

आणि खरं सांगायचं तर मी मारलंही आहे. एकदा धाकटीने अंगठ्यात सुळा रुतवला, नखातून आरपार, आणि सोडेचना. माझ्या डोक्यात सणक गेली. मी दुसऱ्या हाताने तिच्या कानशिलावर अशी ठेवून दिली की ती मांडीवरून उडून फ्रिजवर आदळली. पावणेतीन किलोचा जीव. दोन मिनिटं ती तिथंच बसून राहिली, मान हलवत. मी जमिनीवर बसून रडले, अंगठ्याला फडकं बांधलं आणि मग परत तिला पकडून गोळी दिली, कारण गोळी राहिली होती. माझा हात वाईट आहे. माहेरी आम्हा सगळ्या भावंडांचा हात वाईट, वडिलांकडून आला. आम्ही लहानपणी एकमेकांची डोकी फोडली आहेत, त्यात विशेष काही वाटायचं नाही.

ऑफिसात शेजारच्या टेबलावरची बाई एकदा माझ्या बाह्या वर करून हात बघत राहिली. मग कानाशी येऊन म्हणाली, "मियां मारते क्या? सच्ची बोलो." मी खो खो हसत सुटले. "नक्को बाई, बिल्ली है." तिला काही पटलं नाही. तशी ती अगदीच चुकीची नव्हती. बावीस वर्षांत नवऱ्याने माझ्यावर दोनदा हात उचलला आहे. एकदा त्यांच्या चुलत्यांसमोर मी उलट बोलले म्हणून, एकदा कशावरून ते आता आठवतही नाही. दोन्ही वेळा थोबाडीत, दोन्ही वेळा आत्याबाई स्वयंपाकघरात होत्या आणि कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. त्यांना ऐकू आलं नसेल अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

थोरल्याचं दुखणं वेगळं. त्याला साखर आहे. माणसाला होते तशीच, आणि औषधही तेच: दिवसातून दोनदा इन्शुलिनची सुई, सकाळी सात आणि संध्याकाळी सात. सुई कातडीत टोचणं सोपं आहे, त्याची त्याला सवय झाली. अवघड आहे ती घड्याळाची नोकरी. लग्नाला जायचं नाही, गावाला जायचं नाही, सातला घरात पाहिजे म्हणजे पाहिजे. आणि डॉक्टरने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, घास आधी, सुई मग. पोटात अन्न गेलेलं डोळ्यांनी बघायचं, मगच टोचायचं. रिकाम्या पोटी सुई गेली तर काही तासांत रक्तातली साखर खाली पडते, झटके येतात आणि मग जनावर अर्ध्या-एक तासात जातं.

नवरा म्हणायचा, "किती दिवस हे? मोकळं करू त्याला. डॉक्टर सुई देतात, झोपेत जाईल." मी म्हणायचे, "तुमच्या आईलाही साखर आहे, तिला करता का मोकळं?" यावर आमच्या घरात ताटं आपटली आहेत. पण मी ऐकणार नव्हते. थोरला खात होता, खिडकीत ऊन घेत होता, माझ्या पोटावर झोपत होता. त्याला जगायचं होतं आणि मला त्याला जगवायचं होतं. एवढ्या एका गोष्टीवर मी अडून बसले होते.

आत्याबाई या भांडणात पडत नसत. नांदेडकडच्या खेड्यातल्या त्या, शेतकरी घरातल्या. सासरे गेल्यावर आमच्याकडे आल्या. त्याही सुई घेतात, स्वतःच्या हाताने, पोटात. फ्रिजच्या दारात दोन बाटल्या शेजारी शेजारी असतात, त्यांची निळ्या रबरबँडची आणि थोरल्याची लाल रबरबँडची. थोरल्याला त्या कधी मांडीवर घेत नसत. मी त्याला टोचायला लागले की पदर तोंडाला लावून बघत बसत. "गावाकडं माणसाला भेटत नव्हती सुई," म्हणत, "आन् ह्या साहेबाला बघा."

थोरल्याला सुई लागल्यानंतरच्या पहिल्याच महालक्ष्म्या बसल्या. आमच्याकडे गौरींना महालक्ष्म्याच म्हणतात, आणि जेवणाच्या दिवशी नैवेद्य दाखवल्याशिवाय घरात कोणी अन्नाचा कण तोंडात घालत नाही. पोरंसोरंही नाही. त्या दिवशी आत्याबाई सुईसुद्धा घेत नाहीत. "उपाशीपोटी सुई घेतली की माणूस जातं, येवढं कळतंय मला," म्हणतात. त्यांचे डॉक्टर दर वर्षी त्यांच्या नावाने ओरडतात. त्या दर वर्षी मान डोलावतात आणि पुढच्या वर्षी तेच करतात.

सकाळी सातला मी थोरल्याची वाटी मागच्या बाल्कनीत ठेवली. धाकटीला बेडरूममध्ये कोंडलं होतं. थोरल्याने वाटीत तोंड घातलेलं मी बघितलं. तेवढ्यात पुरणाची डाळ उतू गेली आणि मी आत पळाले. गॅस पुसला, कट काढला, सोळा भाज्यांपैकी तीन फोडणीला टाकल्या. दहा-बारा मिनिटांनी परत बाल्कनीत आले तर वाटी नव्हती आणि थोरला पंजा चाटत बसला होता. मला वाटलं, खाल्लं याने, आत्याबाईंनी वाटी घासायला टाकली. मी बाटली दोन तळव्यांत फिरवली, सुई भरली आणि टोचली. पोटात गेलेलं मी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. हे पहिलं पाप माझं, दुसऱ्या कोणाचं नाही.

साडेदहाच्या सुमाराला बाल्कनीत धाडकन आवाज झाला. कपड्यांचा स्टँड पडला होता आणि त्याच्याखाली थोरला आडवा. चारही पाय हवेत सायकल चालवल्यासारखे चालले होते. जबडा कटाकटा वाजत होता, तोंडाला फेस, खाली मुताचं थारोळं. डोळे सताड उघडे, पण त्यात मी नव्हते. डोकं फरशीवर आपटत होतं, परत परत, आणि तो आवाज, बाई गं, तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मी साखर आणायला स्वयंपाकघराकडे पळाले आणि वाटेत मोरीच्या कोपऱ्यात मला ती वाटी दिसली. वर ताटली झाकलेली. ताटली उचलली, तर वाटी भरलेली. वरचा थर तेवढा चाटला होता.

आत्याबाई हॉलमध्ये मखरापुढे होत्या, धाकट्या महालक्ष्मीच्या पदराच्या निऱ्या नीट करत. मी ओरडले, "वाटी कोणी उचलली?"

"मी उचलली," त्या शांतपणे म्हणाल्या. "देवीच्या आधी मांजर जेवतंय व्हय? त्यात कोंबडीचं हाय ते. ऱ्हाईल की एक दिवस उपाशी, आपुन बी ऱ्हातोच."

"सुई दिली मी त्याला!"

त्यांचा चेहरा उतरला. "कामून दिलीस? आज उपास, आज सुई न्हाई. मी बी न्हाई घेतली..."

आता कळतं की त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांनी थोरल्याला घरातलं माणूस धरलं होतं. घर उपाशी तर तोही उपाशी, आपली सुई बंद तर त्याचीही बंद, सरळ हिशेब. पण तेव्हा मला काही कळत नव्हतं. बाल्कनीतून डोकं आपटल्याचा आवाज येत होता. माझा हात उठला. उलटा हात, मनगटापासून पूर्ण जोर लावून. हिरव्या चुड्यातल्या सात-आठ बांगड्या होत्या हातात, त्यातल्या पाच-सहा त्यांच्या कपाळावर फुटल्या.

अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. मखराच्या खांबाला धडकली, महालक्ष्मीचा मुखवटा हलला. डाव्या भुवईतून रक्ताची धार आली ती डोळ्यात, गालावर, तिथून साडीवर. मी माझ्या हाताकडे बघत उभी राहिले. हात माझाच होता.

आत्याबाईंनी तोंडाला हातसुद्धा लावला नाही. वळल्या, पूजेच्या ताटातली पंचामृतासाठी काढलेली मधाची वाटी उचलली आणि बाल्कनीकडे निघाल्या. "टॉवेल आण," म्हणाल्या. "उभी काय ऱ्हायलीस, टॉवेल आण की!"

मी टॉवेल आणेपर्यंत त्या त्या थारोळ्यात गुडघे टेकून बसल्या होत्या. थोरल्याचं डोकं मी टॉवेलात धरलं. त्यांनी मधात बोट बुडवलं आणि त्याच्या हिरडीवर चोळायला लागल्या. जबडा मिटला. त्यांच्या तर्जनीवर. मला हाड वाजल्यासारखं ऐकू आलं. मी जबडा उघडायला गेले तर कडाडल्या, "सोडवू नकोस! आत जाऊ दे गोड. मला दोनदा आसंच झालतं, मला म्हाईत हाय." एक बोट दातात, दुसऱ्या हाताने मध. त्यांच्या भुवईचं रक्त त्याच्या कानावर टपकत होतं. मध, फेस, रक्त, मूत, सगळा रेंदा. मी रडत होते आणि शिव्या देत होते, कोणाला ते ठाऊक नाही.

झटका सुटायला किती वेळ गेला कोण जाणे. आधी पाय थांबले, मग जबडा सैल पडला. डोळ्यांत काहीतरी परत आलं. त्याने जीभ बाहेर काढून आत्याबाईंचं फाटलेलं बोट चाटलं. मधासाठीच चाटलं असेल.

त्याच वेळी नवरा आला. ते अफझलगंजच्या बाजारात केळीची पानं आणि फुलं आणायला गेले होते. सगळं हातात तसंच घेऊन बाल्कनीच्या दारात उभे राहिले. आईचं तोंड रक्ताने भरलेलं, बोटाची चाळण, मांडीवर बोका.

"माय! काय झालं?"

"मांजरानं केलं," आत्याबाई म्हणाल्या. "झटका आला त्याला. बोट चावलं, नख लागलं भुवईला."

नवऱ्याने पानं फेकली. थोरल्याला मानेला धरून उचललं, असा वर, तो लुळा पडलेला, पाय लोंबत होते. "बस झालं! बास! आज संपवतो!" म्हणत त्यांनी हात कठड्याच्या बाहेर काढला. तिसरा मजला. खाली सिमेंट, तिथं लोकांच्या गाड्या लागतात. मी त्यांच्या दंडाला लोंबकळले, त्यांनी मला कोपराने छातीत ढकललं.

"मांजराने नाही," मी ओरडले. "मी मारलं. मी मारलं तुमच्या आईला."

"खोटं बोलालीय ती," आत्याबाई खालून म्हणाल्या. "मांजरासाठी काय बी बोलंल."

मी चक्रावलेच. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मग मी माझं मनगट नवऱ्याच्या नाकासमोर धरलं. दोनच बांगड्या उरल्या होत्या, बाकीच्यांचे चरे मनगटावर, आणि आत्याबाईंच्या भुवईत हिरव्या काचेचा एक तुकडा अजून चमकत होता. "बघा. मांजर बांगड्या भरतं का?"

नवऱ्याने हात आत घेतला. थोरल्याला खाली ठेवलं, ठेवलं म्हणजे सोडलंच. मग माझ्याकडे वळले आणि तोच हात वर गेला. मी डोळे मिटले. खरं सांगते, मला तो हवा होता. पडू दे एकदा, फिटू दे, असं वाटत होतं.

पडला नाही. डोळे उघडले तर मध्ये आत्याबाई उभ्या होत्या, रक्ताळलेल्या, जेमतेम नवऱ्याच्या छातीएवढ्या.

"मार," त्या म्हणाल्या. "मला मार आधी. आरं, ह्याच्यासाठीच मांजराचं नाव घेतलं मी. तुझ्या बापाचा हात मला म्हाईत हुता, तुझा बी म्हाईत हाय. दोन्ही बारीला ऐकलं मी, कुकर व्हता तरी बी. मांजर पळून तरी जातं. ती कुठं पळंल?"

थोरला त्यांच्या पायाशी पडला होता. त्याला उभंही राहता येत नव्हतं. ते कठड्याला टेकून खाली बसले, केळीच्या पानांवरच, आणि दोन्ही हात काखेत घालून बसून राहिले.

मग डॉक्टर. थोरल्याला सलाइनमधून साखर चढवली, दिवेलागणीपर्यंत ठेवून घेतलं. आत्याबाईंना दुसऱ्या दवाखान्यात, भुवईला चार टाके, बोटाला सहा, आणि कुत्र्या-मांजराच्या चाव्याची इंजेक्शनं. टाके घालणाऱ्या तरुण डॉक्टरने चिमट्याने काच काढली, उजेडात धरून बघितली. "ये कैसे लगा, अम्मा?" आत्याबाई म्हणाल्या, "बिल्ली." त्याने माझ्याकडे बघितलं, काच ट्रेमध्ये टाकली आणि पुढचा टाका घातला.

त्या संध्याकाळी नैवेद्य झाला. आत्याबाईंनी सवाष्ण म्हणून मलाच पाटावर बसवलं. विधवा बाई कुंकू लावत नाही म्हणतात, तरी पट्टी बांधलेल्या बोटाने माझ्या कपाळाला कुंकू लावलं. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं, म्हटलं, "मला मारा हो, काहीतरी करा." त्या म्हणाल्या, "उठ. पुरण गार व्हालंय. आन् साताची सुई द्यायची का न्हाई, ते डाक्टरला इचार आधी."

थोरला अजून आहे. म्हातारा झालाय, मागचे पाय ओढत चालतो. आता त्याला खाताना बघायला आत्याबाई स्टूल घेऊन बसतात, आणि "खाल्लं गं," असं त्यांनी म्हटल्याशिवाय मी बाटलीला हात लावत नाही. धाकटी मला चावते ती चावतेच. माझा हात तिच्यावर परत उठलेला नाही, पण शिवशिवतो, तेही सांगते. नवऱ्याने मोकळं करण्याचा विषय पुन्हा काढला नाही आणि माझ्यावर हातही उचलला नाही.

आत्याबाईंची डावी भुवई मधोमध दुभंगली आहे, तिथं केस उगवत नाहीत. दर महालक्ष्म्यांना हळदीकुंकवाला बाया येतात, त्यातली एखादी विचारतेच, "हे हो काय झालं?" आत्याबाई म्हणतात, "मांजरानं ओरबाडलं." बाया थोरल्याकडे वळून बघतात. "अगोबाई, किती गरीब दिसतो, आणि बघा!" मागच्या वर्षी एकीने त्याला पायाने बाजूला सारलं. मी तिथंच उभी असते, हातात ताट घेऊन. खरं सांगायला एक वाक्य पुरतं. नवऱ्यापुढे मी ते बोलले, कारण तेव्हा थोरला कठड्याबाहेर लोंबत होता. बायांपुढे मी ते बोलत नाही. मी, एवढी तोंडाळ बाई, पुढे होते आणि एकेकीला कुंकू लावते.